तिसरी शाळा

बसमध्ये त्या बाईनं ‘गं’ म्हटलं आणि त्याचा हात वरच्या दांड्यावरून सुटला. बाई पोक्त होती, दोन्ही हातांत पिशव्या, बस वळणावर कलत होती. खिडकीशी बसलेल्या त्याच्या मुलाकडे बघून ती म्हणाली, "पोरी, जरा धर गं ही पिशवी. तोल जातोय माझा." पिशवी घेतली गेली, मांडीवर नीट टेकवली गेली. कुणी वळून बघितलं नाही. शेजारचा माणूस डुलक्या घेत होता तो घेत राहिला. त्याच्या मुलाकडे, असं त्याच्या मनात आलं होतं. मुलीकडे, असं यायला हवं होतं. घरात ते ठरून बरेच महिने झाले होते. बायकोच्या तोंडात ते केव्हाच बसलं होतं, त्याच्या तोंडात अजून बसत नव्हतं आणि मनात तर नव्हतंच. आणि ही कोण कुठली बाई, जिला कुणी काही समजावून सांगितलं नव्हतं, जिनं डॉक्टरांसमोर बसून खाली मान घालून ऐकून घेतलं नव्हतं, ती एका अक्षरात मोकळी झाली. तो वाट बघत राहिला. आता ती नीट बघेल, हनुवटी बघेल, बोटं बघेल, आणि ओशाळून म्हणेल, अगंबाई, मला वाटलं... बाई काहीच म्हणाली नाही. तिचा थांबा आला, तिनं पिशवी घेतली, "सुखी राहा" म्हणून उतरली. तेव्हा त्यानं खिडकीशी असलेला तो चेहरा पाहिला. हसू नव्हतं त्यावर. नुसती कपाळावरची कातडी सैल झाली होती, ताप उतरल्यावर लहान मुलाची होते तशी. त्यानं वरचा दांडा पुन्हा घट्ट धरला. आनंदानं की भीतीनं, ते त्याला सांगता आलं नसतं. बहुधा भीतीनंच, कारण लगेच दुसरा विचार आला तो असा, की आज कुणी वळून बघितलं नाही, उद्या बघतील.

कानांशी त्याचा पोटापाण्याचा संबंध होता. इस्पितळात लोकांना किती ऐकू येतं ते तपासायचं काम तो करायचा. जाड, मऊ भिंतींच्या छोट्या खोलीत माणसाला बसवायचं, कानांना हेडफोन लावायचे, दार ओढून घ्यायचं आणि बाहेर बसून काचेतून बघत एकेक आवाज सोडायचा. ऐकू आलं की आतल्यानं बटण दाबायचं. इतक्या वर्षांत त्याच्या एक लक्षात आलं होतं, की ज्यांना ऐकू येत नाही ती माणसं समोरच्याचं बोलणं संपायच्या आतच मान डोलावतात. घरात शिरला की मात्र हा सगळा अभ्यास त्याच्यावरच उलटायचा. साधं वाक्य बोलायचं तरी समोरचं माणूस कोण ते आधी ठरवावं लागतं, आलास की आलीस, दमलास की दमलीस, हे त्याला जन्मात कधी जाणवलं नव्हतं. मग तो पळवाटा काढू लागला. "जेवण झालं?" "निघायचं का?" "अभ्यास उरकला वाटतं." लहानपणी कुरळ्या केसांवरून पडलेलं ‘कोकरू’ हे लाडाचं नाव फार उपयोगी पडलं. कोकरू आलं, कोकरू झोपलं. त्या ‘आलं’ आणि ‘झोपलं’च्या आडोशाला त्यानं कित्येक महिने काढले. एकदा जेवताना शेरा आला, "बाबा हल्ली सूचनाफलकासारखा बोलतो. कृपया ताट स्वच्छ करावे. कृपया दिवे मालवावे." बायको हसली, तोही हसला. मग ताटं उचलताना हळूच ऐकू आलं, "कोकरू आता पुरे ना, बाबा." तोही आडोसा गेला. त्यानंतर तो कमीच बोलायला लागला.

शाळा बदलायचं ठरलं ते आजारपणामुळे. आठवी संपत आली होती आणि त्याच शाळेच्या वरच्या वर्गात नाव घालून मोकळं व्हावं असा त्याचा बेत होता. तिथून रोज पाण्याची बाटली भरलेलीच घरी यायची. तो ती मोरीत ओतायचा आणि आळशीपणाबद्दल कुरकुरायचा. मग एक दिवस हुडहुडी भरून ताप चढला, पाठीत कळा, आणि डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "दिवसभर लघवीला जात नाहीस का तू?" पांघरुणातून उत्तर आलं, "शाळेत नाही जात." मुलांच्या स्वच्छतागृहात काय काय होत होतं ते नंतर आईला सांगितलं गेलं, त्याला नाही. आई औषधांच्या दुकानात काम करायची, रोज शंभर जणांची दुखणी ऐकायची, पण ते ऐकून ती स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली होती. त्याला फक्त एवढंच कळलं, की पोरीनं पाणी पिणंच सोडलं होतं. त्या रात्री त्याला स्वतःच्या शाळेतला एक मुलगा आठवला. लांब पापण्यांचा, वही छातीशी धरून चालणारा. हजेरीत त्याचं नाव आलं की वर्गात बारीक खसखस पिकायची. एक दिवस नावाला उत्तर आलं नाही. मास्तर काही दिवस ते नाव घेत राहिले, मग त्या जागी नुसते किंचित थांबू लागले, मग थांबेनासेही झाले. तो कुठे गेला, हे कुणी कुणाला विचारलं नाही. एवढ्या वर्षांनी त्या मुलाचा चेहरा पुसट झाला होता, पण मास्तरांचं ते थांबणं त्याच्या कानांत जसंच्या तसं होतं.

पहिली शाळा त्यालाच आवडली होती. घराजवळची, उंच भिंतींची, आत शिरलं की रस्त्यावरचा आवाज कापल्यासारखा बंद. मुख्याध्यापक मऊ बोलणारे. बायको सांगत होती आणि ते मान डोलावत होते; तिचं वाक्य अर्ध्यावर असतानाच त्यांची मान खाली येत होती. ते त्याच्या नजरेत आलं, आणि त्यानं तिकडे काणाडोळा केला. "काळजीच करू नका," मुख्याध्यापक म्हणाले. "आमच्याकडे कुणाला काही कळणार नाही. वरच्या मजल्यावर शिक्षकांचं स्वच्छतागृह आहे, ते वापरायला हरकत नाही. चावी कार्यालयातून मागून घ्यायची. हजेरीपटावर मात्र जुनं नाव राहील, तेवढं चालवून घ्या." खुर्चीच्या कडेवर बसलेल्या पोरीनं तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. "आणि हाक कुठल्या नावानं मारणार?" मुख्याध्यापक हसले. "हाक मारायची वेळच येऊ नये असं वागलं, की झालं." कुणाला काही कळणार नाही हे शब्द त्याला इतके उबदार वाटले होते, की या शेवटच्या वाक्यातला गारवा त्याला घरी पोचल्यावर जाणवला.

दुसऱ्या शाळेत नेमकं उलटं. सगळीकडे काच, भिंतींवर रंगीत चित्रं, आणि विद्यार्थ्यांशी बोलण्यासाठी नेमलेल्या बाईंनी तर पोरीचे दोन्ही हातच हातात घेतले. "तुझ्यासारखी मुलगी आमच्याकडे येणं ही आमच्यासाठी अभिमानाची गोष्ट आहे. पहिल्याच आठवड्यात तू सगळ्यांसमोर बोलशील? तुझा प्रवास सांगशील?" पोरीनं हात हळूच सोडवून घेतले. बाहेर आल्यावर म्हणाली, "मला शाळेत जायचंय, आई. उद्घाटनाला नाही." तिघंही हसले. त्याला मात्र हसता हसता बरंच वाटलं, कारण आता एकच शाळा उरली होती, ती लांबची, दोन बस बदलून जायची, आणि ती काही पसंत पडणार नाही, मग उंच भिंती आहेतच.

त्या पिशवीवाल्या बाईची बस, मग दुसरी बस, असं करत ते दोघं तिसऱ्या शाळेच्या फाटकाशी पोचले तेव्हा बायको आधीच येऊन उभी होती, दुकानातून परस्पर आलेली, हाताला औषधांचा वास. इमारतीचा रंग ठिकठिकाणी उडालेला. मधली सुट्टी चालू होती आणि पटांगणात असा गलका, की आपल्या खोलीतलं यंत्र इथे आणलं तर काटाच मोडेल असं त्याला वाटलं. एवढ्या पोरांमधून चालत जाताना त्यानं नकळत पोरीच्या डाव्या बाजूला, मुलांच्या बाजूला, स्वतःला ठेवलं. कोण बघतंय, कोण कुणाला ढोसतंय, कोण हसतंय, सगळं तो टिपत होता. दोघं हसले, कशाला हसले ते कळलं नाही. मुख्याध्यापिका बाई सर्दीनं बेजार होत्या, घसा बसलेला, टेबलावर वाफाळता कप. त्यांनी आधी पोरीला "बस" म्हटलं आणि मग आईबापांना. बायकोनं सगळं सांगितलं. बाई बघत होत्या, मान हलत नव्हती. एकदा मधेच म्हणाल्या, "थांबा, हे नीट कळलं नाही मला. पुन्हा सांगा." मग पोरीकडे वळल्या. "काय आवडतं तुला?"

"भूमिती."

"का गं?"

"त्यात एकदा सिद्ध केलं, की झालं. पुन्हा पुन्हा करावं लागत नाही."

बाईंना खोकल्याची उबळ आली, की त्या हसल्या, समजलं नाही. घोटभर पिऊन त्या म्हणाल्या, "तुझं नाव तू सांगशील तेच हजेरीत येईल. मुलींचं स्वच्छतागृह वापरायचं. शिक्षकांना मी सांगणार, वर्गाला काय सांगायचं आणि सांगायचं की नाही, ते तू ठरवायचंस." मग त्याच्याकडे बघून म्हणाल्या, "आता एक तुम्हाला सांगायला हवं. गेल्या वर्षी आमच्याकडे असंच एक मूल होतं. मध्यावर सोडून गेलं. मुलांनी छळलं त्याला. आम्हाला कळलं तेव्हा उशीर झाला होता."

त्याला हवं ते मिळालं होतं. "म्हणजे तुमच्याकडे असं होतं," तो म्हणाला. स्वतःचा आवाज त्याला वकिलासारखा वाटला.

"होतं."

"पुन्हा होणार नाही याची हमी देता?"

"नाही," बाई म्हणाल्या. "पुन्हा होईल तेव्हा त्याच दिवशी मला कळेल, आणि त्याच दिवशी तुम्हाला कळवीन, एवढंच सांगते. जास्त सांगितलं तर ते खोटं होईल."

फाटकाबाहेर आल्या आल्या त्यानं सुरुवात केली. रस्त्याच्या कडेला उभं राहून, पोरगी चार पावलांवर असताना, खालच्या आवाजात. बाई प्रामाणिक आहेत, मान्य, पण प्रामाणिकपणा घालायचा कुठे? त्या स्वतःच्या तोंडानं सांगताहेत की मूल सांभाळता आलं नाही. तिकडे निदान कुणाला कळणार नाही. चार वर्षं गुपचूप निघून जातील. पुढे मोठी झाल्यावर काय हवं ते करा. बायको ऐकत होती, पर्सचा पट्टा पिळत. मग म्हणाली, "तू रोज त्या खोलीत माणसं कोंडतोस ना? भिंती जाड असल्या की आतल्याला बाहेरचं ऐकू येत नाही. आणि आतला ओरडला तर बाहेर तरी ऐकू येतं का रे?" त्याला काचेमागचे चेहरे आठवले, दार लावल्यावर क्षणभर बावरणारे, एकट्या पडलेल्या माणसाचे. लहान मुलं तर कधी कधी रडायला लागत. तोंड उघडलेलं दिसायचं, आवाज यायचा नाही, आणि तो घाईनं दार उघडायचा. "उगाच काहीतरी तुलना," तो म्हणाला. "माझा जीव टांगणीला लागलाय तो तुला दिसत नाही."

पोरगी जवळ आली होती. तिनं सगळं ऐकलं होतं. तिचे कान त्याच्याइतकेच तिखट होते. "बाबा, तिथे मला नुसतं गप्प राहावं लागेल ना?"

"थोडंसं. सांभाळून."

"मला येतं गप्प राहता," ती म्हणाली. "खूप चांगलं येतं. म्हणूनच तिथे नको."

तिच्या आवाजात रडू नव्हतं, रागही नव्हता. हिशेबाचं उत्तर सांगावं तशी ती बोलली. आवाज फुटायला लागला होता, आणि ती तो जपून, वरच्या पट्टीत धरून वापरायची हे त्याला माहीत होतं. आता बोलता बोलता तो घसरला आणि तिनं तो सावरला नाही. शेजारून एक ट्रक गेला. "दोन बस बदलाव्या लागतील," तो म्हणाला. "सकाळी लवकर उठावं लागेल." "उठेन," ती म्हणाली. बायकोनं दुसरीकडे तोंड केलं. त्याला पटलं असं नाही. घरी जाताना, झोपताना, दुसऱ्या दिवशी कामावर हेडफोनच्या वायरी गुंडाळताना त्याच्या मनात उंच भिंती उभ्याच होत्या. पण पैसे भरायला तो स्वतः गेला आणि कारकुनानं नाव विचारलं तेव्हा तिनं निवडलेलं नाव त्यानं सांगितलं. कारकुनाला ते पहिल्या खेपेला ऐकू गेलं नाही. त्याला ते दुसऱ्यांदा, मोठ्यानं सांगावं लागलं, आणि रांगेतल्या सगळ्यांनी ते ऐकलं.

शाळा सुरू झाली आणि त्याचे कान रात्रंदिवस तिच्याकडे लागले. दाराचा आवाज कसा येतो, दप्तर टाकलं जातं की ठेवलं जातं, न्हाणीघरात किती वेळ नळ चालू राहतो. एका मुलीचं नाव घरात वरचेवर यायला लागलं, तिची डब्यावरून भांडणं, तिचा विसराळूपणा. तरी त्याला धीर येत नव्हता. फोन वाजला की तो आधी शाळेचा नंबर आहे का ते बघायचा. आणि एके दिवशी, एका आजोबांना खोलीत बसवून तो आवाज सोडत असताना, फोन खरंच शाळेतून आला. घसा आता चांगला झाला होता, तरी आवाज त्यानं लगेच ओळखला. "सकाळी एक गोष्ट झाली," मुख्याध्यापिका म्हणाल्या. "जुन्या शाळेतला एक मुलगा आमच्याकडे नव्यानं आलाय. त्यानं फळ्यावर तिचं आधीचं नाव लिहिलं, आणि खाली आणखी काही. काही मुलं हसली. मुलगा माझ्यासमोर बसलाय, त्याच्या आईला बोलावलंय. ठरल्याप्रमाणे तुम्हाला कळवतेय." पुढचं त्यानं ऐकलंच नाही. आतले आजोबा बटण हातात धरून काचेतून त्याच्याकडे बघत होते, पुढच्या आवाजाची वाट बघत. त्यांना त्यानं दार उघडून सोडवलं, एका सहकाऱ्याला त्यांच्याकडे बघायला सांगितलं आणि तो निघाला.

रिकाम्या बसमध्ये तो दाराजवळच उभा राहिला. काय बोलायचं ते त्यानं घोकून ठेवलं होतं. मी आधीच सांगितलं होतं. हमी देता का विचारलं होतं. दप्तर घ्यायचं, हात धरायचा, सरळ घरी. उद्यापासून उंच भिंती. बायकोला फोन लावावासा वाटला आणि लावला नाही. फळ्यावरचं ते नाव त्याच्या डोळ्यांपुढे उभं राहिलं. ते त्यानंच ठेवलं होतं, बारशाच्या आधी आठवडाभर चाखून चाखून बघितलं होतं, आणि आता ते कुणीतरी दगडासारखं उचलून मारलं होतं. आपल्याला राग नावाचा येतोय की मारणाऱ्याचा, हे त्याला धड कळेना. शाळेत मधली सुट्टी संपली होती, पटांगण ओस पडलं होतं. त्या शांततेनं तो आणखी घाबरला.

मुख्याध्यापिका जिन्याशीच भेटल्या. "तुम्ही इतक्या लवकर याल असं वाटलं नव्हतं," त्या म्हणाल्या.

"कुठाय ती? न्यायला आलोय."

"वर्गात आहे. तास चालू आहे."

"वर्गात? त्याच वर्गात?"

"घरी जायचंय का, असं मी विचारलं होतं तिला. नाही म्हणाली. फळा मास्तर पुसायला निघाले होते, तर हिनं डस्टर मागून घेतलं आणि स्वतः पुसला. मग जागेवर जाऊन बसली." बाई कठड्याला टेकल्या. "तुम्हाला न्यायला बोलावलं नव्हतं मी. कळवायचं कबूल केलं होतं, म्हणून कळवलं. पण तुम्ही वडील आहात. न्यायचंच असेल तर मी अडवणार नाही. वरच्या मजल्यावर, शेवटचा वर्ग."

तो जिना चढला. लांब व्हरांड्यातून एकेका वर्गाचे आवाज अंगावरून जात होते, कुठे कविता, कुठे खुर्ची सरकल्याचा, कुठे नुसती कुजबुज, आणि प्रत्येक कुजबुजीशी त्याची पावलं अडखळत होती. शेवटच्या वर्गाच्या खिडकीशी तो उभा राहिला. शिक्षक पाठमोरे होते. तिसऱ्या बाकावर ती बसली होती, केस मागे बांधलेले, गाल लाल, डोळे रडून सुजलेले की काय ते इतक्या लांबून कळत नव्हतं. बाहीला खडूची पांढरी भुकटी लागली होती. हात बाकाच्या कडेवर इतका घट्ट, की बोटांची पेरं दिसत होती. तिच्या शेजारी एक मुलगी होती, तिनं स्वतःचं पुस्तक दोघींच्या मधे सरकवलं होतं. एवढंच. पुढच्या बाकावरचा एक मुलगा वळून बघत होता. शेजारच्या मुलीनं त्याच्याकडे असं काही बघितलं, की तो पुन्हा पुढे वळला. बाहेर तो खिडकीचा गज धरून उभा होता. आत जावं, दार ढकलावं, नाव घेऊन हाक मारावी. नाव ओठांवर आलंही, नवं, पहिल्यांदाच न अडखळता, आणि तेवढ्यात तिनं मान वर केली.

तिनं त्याला पाहिलं. तिचे डोळे मोठे झाले. तिनं घाईनं शिक्षकांकडे बघितलं, मग बाजूला, मग पुन्हा त्याच्याकडे, आणि तिचा सगळा चेहरा आक्रसला. शेजारच्या मुलीनं खिडकीकडे बघत काहीतरी विचारलं. आवाज इथवर पोचत नव्हता, पण ओठ हलले ते त्याला दिसले. "माझे बाबा," ती म्हणाली, आणि कपाळावर हात मारून घेतला. मग बाकाखालून, कुणाला दिसू नये अशा बेतानं, तिनं दोन बोटांनी त्याला हाकललं. जा ना. जा ना, बाबा. शेजारची मुलगी तोंडावर हात दाबून हसत होती, आणि ती, त्याची लेक, लाजेनं लालेलाल होऊन पुस्तकात डोकं खुपसत होती. बाप वर्गाच्या खिडकीत येऊन उभा राहिला, की कुठलीही मुलगी अशीच लाजते ना.

त्यानं गजावरचा हात काढला, व्हरांड्यातून परत फिरला आणि जिना उतरू लागला.